पंख्याचे फेरे

आमच्या मधल्या खोलींत उन्हाळ्याचे चार महिने तीन पंखे चालतात. एक छताचा, तो आमच्या लग्नाच्या वर्षापासून फिरत आहे आणि अलीकडे फिरतांना थोडा डोलतो. दुसरा खिडकींतल्या कूलरचा. वाळ्याच्या ओल्या तट्ट्यांतून येणाऱ्या त्याच्या वाऱ्याची थोरवी नागपूरकरास सांगावयास नको, आणि जो मे महिन्यांत नागपुरास कधीं राहिलाच नाहीं त्याला ती सांगून कळावयाची नाहीं. तिसरा पंखा वीतभरहि नाहीं. तो टेबलाखालच्या संगणकाच्या पोटांत, प्रोसेसर नांवाच्या चौकोनी चकतीच्या डोक्यावर बसविलेला आहे. त्याचा वारा घरांतल्या कोणालाच लागत नाहीं. आवाज मात्र सर्वांना ऐकावा लागतो. या तिसऱ्या पंख्याचे फेरे किती असावे, या एका प्रश्नानें २०२४ च्या मे-जून महिन्यांत आमचे पंधरा दिवस खाल्ले.

हें प्रकरण मुळांत पंख्याचें नव्हे, एका कॅसेटचें आहे. १९८७ सालच्या मे महिन्यांत आमचे इंदूरचे मामा घरीं आले होते. त्यांच्याजवळ नवा टेपरेकॉर्डर होता, आणि नवें यंत्र हातीं आलेल्या माणसाप्रमाणें ते दिसेल त्याचा आवाज टिपीत सुटले होते. एका रात्रीं जेवणें आटोपल्यावर याच खोलींत त्यांनीं आमच्या वडिलांना बोलतें केलें. वडील स्वभावानें अबोल. शाळेंत दिवसभर गणित शिकविल्यावर घरीं पुन्हां शब्द खर्च करणें त्यांना उधळपट्टी वाटत असावी. पण त्या रात्रीं ते बोलले: उमरेडहून नागपुरास शिकावयास कसे आले, वार लावून जेवत दिवस कसे काढले, बुधवारच्या घरीं भात नेहमीं करपलेला कसा असे, आणि तरी बुधवारची वाट आपण कां पाहत असूं. कॅसेट नव्वद मिनिटांची, एका बाजूस पंचेचाळीस. १९९८ सालीं वडील गेले. त्यांचा आवाज म्हणून घरांत जें कांहीं उरलें आहे तें एवढेंच.

पहिल्या बाजूच्या शेवटाकडे, छत्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास, वडील बोलतां बोलतां थांबतात. तोंड फिरवून कोणाला तरी कांहीं म्हणतात, दोघे-तिघे हसतात, आणि तेथून बाजू संपेपर्यंत नुसती भर्र अशी घरघर. तिच्याखालीं वडिलांचा आवाज विहिरीच्या तळांतून आल्यासारखा. फीत तेथून खराब झाली असावी, असें आम्ही इतकीं वर्षें धरून चाललों होतों. आईला मात्र तेवढ्याच जागेची ओढ. ती आतां ब्याऐंशी वर्षांची आहे. तिचें म्हणणें, "तिथं हे माझ्याबद्दल कांहींतरी म्हणाले होते. सगळे हसले, तेवढं आठवतं. काय म्हणाले, तें मेलं आठवत नाही." हें ती पूर्वीं वर्षाकाठीं एकदां म्हणे, त्या वर्षीं आठवड्यांतून दोनदां म्हणूं लागली. तेव्हां आम्हांला वाटलें कीं आतां याचा उलगडा लांबणीवर टाकण्यांत अर्थ नाहीं.

हल्लीं ध्वनिमुद्रणांतील खरखर वेगळी काढणारे प्रोग्रॅम मिळतात. जुन्या पद्धतीचे प्रोग्रॅम, कोणी बोलत नाहीं अशी एखादी जागा गांठून तेथून खरखरीचा नमुना उचलतात आणि तो सबंध मुद्रणांतून वजा करतात. नव्या पद्धतीचे, माणसाचा आवाज कसा असतो हें असंख्य नमुन्यांवरून आधींच शिकून आलेले असतात. ते त्या गोंगाटांतून माणूस तेवढा निवडून काढतात. हें दुसरें काम फार गणिताचें आहे. आमचा संगणक २०१४ सालचा. त्याला एक बाजू निवडून काढावयास तासाहून अधिक वेळ लागे, आणि तितका वेळ त्याचा तो लहानसा पंखा असा कांहीं किंचाळे कीं शेजाऱ्यांनीं पिठाची चक्की लावली आहे काय, असें पाहुण्यांनीं विचारावें.

आवाजाची अडचण आम्हांला नव्हती. ती आईला होती. तिच्या कानांत श्रवणयंत्र असतें. श्रवणयंत्र हें मोठें समदर्शी असतें: बोलणाऱ्याचा शब्द आणि पंख्याची घरघर यांत तें फारसा भेद करीत नाहीं, दोन्ही सारख्याच आदरानें कानापर्यंत पोंचवितें. हेडफोन लावावा तर, "तें जूं माझ्या मानेवर नको," म्हणून ती हात झटकते. म्हणजे मुद्रण ऐकावयाचें तें उघड्या स्पीकरवर, आणि त्यासाठीं खोलींतले सर्व पंखे गप्प हवे. छताचा बटणानें गप्प झाला, कूलरहि झाला. तिसऱ्याला बटण नव्हतें.

त्याला बटण नसलें तरी लगाम असतो, हें आम्हांला शोध करतां कळलें. संगणक सुरू होतांना विशिष्ट कळ दाबीत राहिलें म्हणजे एक निळसर पान उघडतें. त्यास बायॉस म्हणतात. सामान्य गृहस्थानें तेथें जाऊं नये अशी वहिवाट आहे, पण आम्ही गेलों. एका कोपऱ्यांत पंख्याचें प्रकरण सांपडलें. तेथें 'सायलेंट', 'स्टँडर्ड', 'फुल स्पीड' असे तीन तयार मार्ग होते, आणि चौथा 'मॅन्युअल', म्हणजे आपल्या जबाबदारीवर काय तें करा. आम्ही जबाबदारी घेतली. यंत्र कितीहि तापो, पंख्याचे फेरे मिनिटास नऊशेंच्या वर जाऊं नयेत, असा हुकूम आम्हीं लिहून ठेवला. खोलींत इतकी शांतता पसरली कीं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागली. आईनें मान डोलावली. आम्ही मनांतल्या मनांत स्वतःची पाठ थोपटली, रात्रीं प्रोग्रॅमला पहिल्या बाजूच्या कामाला लावलें आणि निजावयास गेलों.

सकाळीं पाहतों तों पडदा काळा. यंत्र आपोआप बंद पडलेलें, आणि काम अर्धेंहि झालेलें नाहीं. दुसऱ्या रात्रीं तेंच. तिसऱ्या रात्रीं आम्ही जागत बसलों. आधीं प्रोसेसर मंदावला; चालणारा माणूस उन्हांत पाय ओढूं लागतो तसा. उष्णतेचा आंकडा ९८, ९९ आणि १०० अंशांवर जाऊन तेथेंच लटकत राहिला. मग अकस्मात् सारें विझलें.

आम्हांला प्रथम तो आंकडाच खोटा वाटला. त्याच आठवड्यांत, ३० मे रोजीं, आमच्या शहरांतील एका स्वयंचलित हवामानकेंद्रानें ५६ अंश उष्णता नोंदवून सबंध देशाला थक्क केलें होतें, आणि मागाहून तेथील मापक बिघडलें असल्याचें जाहीर झालें होतें. तेव्हां आमच्या टेबलाखालचें मापकहि त्याच पंथाला लागलें असेल, अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. माणसाला आपली चूक कबूल करण्यापेक्षां यंत्राची काढणें सोपें जातें.

पुण्याच्या भाच्याला फोन केला. तो याच धंद्यांत आहे. सर्व हकीकत ऐकून घेऊन तो म्हणाला, "मामा, मापक ठीक आहे. तुम्ही पंखेवाल्याला झोपवून साहेबाला काम करायला लावलंत."

ही उपमा त्याला सुचली याचें आम्हांला नवल वाटलें, कारण पंखा ओढणारे त्याच्या आजोबांनींहि क्वचितच पाहिले असतील. पूर्वीं कचेऱ्यांतून छताला लांबट झालरीचा पंखा टांगलेला असे आणि व्हरांड्यांत बसलेला एक गडी दोरी ओढून तो हालवी. दुपारीं गड्याला डुलकी लागे, दोरी सैल पडे आणि आंतून साहेबाची आरोळी येई. आमच्या यंत्रांतला साहेब आरोळी देत नाहीं. तो आधीं कामाचा वेग उतरवितो, आणि तेवढ्यानें न भागलें तर दौत कलंडून घरीं निघून जातो. भाचा म्हणाला, ही त्याची सभ्यता आहे. २००१ सालीं कांहीं परदेशी परीक्षकांनीं चालू संगणकांतील प्रोसेसरांच्या डोक्यावरचा पंखा, खालच्या धातूच्या ठोकळ्यासकट, उचलून घेतला व काय होतें त्याचें चित्रण केलें. पेंटियम ४ मंदावला पण तगला. त्या वेळचा ॲथलॉन क्षणांत धूर काढून मेला. पुढें स्वसंरक्षणाची युक्ति सगळ्यांनींच अंगीं बाणविली.

इतकी उष्णता येते कोठून, हें आम्हीं मग वाचून पाहिलें. १९७४ सालीं आय. बी. एम. मधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं एक सुरेख हिशेब मांडला होता: ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितकी त्याला वीजहि कमी लागते, म्हणून तेवढ्याच जागेंत कितीहि अधिक ट्रान्झिस्टर दाटीनें बसविले तरी त्या जागेची उष्णता वाढावयाची नाहीं. सुमारें तीस वर्षें हा हिशेब जमत गेला. पुढें ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले कीं बंद असतांहि त्यांतून वीज झिरपूं लागली, आणि व्होल्टेज आणखी खालीं आणण्याची सोय राहिली नाहीं. २००४ सालीं इंटेलनें चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत सोडून दिला; त्या घराण्याचे प्रोसेसर तोंवर उष्णतेबद्दल बदनाम झालेच होते. आमचा प्रोसेसर ८४ वॉटचा आहे. आंकडा लहान दिसतो. पण एवढी सारी उष्णता टपालाच्या तिकिटाहून लहान अशा सिलिकॉनच्या तुकड्यांतून बाहेर पडावयाची असते. इस्त्रीच्या तळाच्या दर चौरस सेंटिमीटरला जेवढी उष्णता वाट्याला येते, तिच्या कितीतरी पट ही भरते. आणि पंखा कांहीं गारवा निर्माण करीत नाहीं, तो खोलींतलीच हवा आंत ढकलतो. खोली पंचवीस अंशांवरून चाळीसवर गेली तर आंतला आंकडाहि पंधराच्या पंधरा अंशांनीं वर सरकतो. ऐकतांना अडथळा नको म्हणून आम्ही जो कूलर बंद करीत होतों, तो कित्येकदां पुन्हां लावावयाचेंहि राहून जाई.

भाच्यानें पुढें विचारलें, "कॅबिनेट शेवटचं कधी उघडलं होतं?"

कॅबिनेट कधींच उघडलेलें नव्हतें. रविवारीं सकाळीं तें खोलीच्या मधोमध आडवें निजवून आम्हीं एका बाजूचे दोन स्क्रू काढले, आणि दहा वर्षांची धूळ आमच्याकडे पाहूं लागली. ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या चक्राकार ठोकळ्यावर पंखा बसविलेला असतो. वारा त्या पात्यांच्या फटींतून जावयाचा. फटी दिसतच नव्हत्या. त्यांवर करड्या रंगाची एक घोंगडी विणली गेली होती. आमच्या मंडळींनीं ती चिमटीनें उचलून दाखविली आणि "हें तुमचं शांतीचं कारण," एवढेंच म्हणून त्या आंत गेल्या. आम्हांला यावर उत्तर सुचलें नाहीं. मुलांच्या चित्रकलेचा एक ब्रश घेऊन आम्ही पातें आणि पातें झाडलें. भाच्याची ताकीद होती कीं फुंकणी मारतांना पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं; वाऱ्यानें पंखा उलट मोकाट फिरला तर त्याची मोटार स्वतःच वीज उत्पन्न करूं लागते व ती मदरबोर्डास बाधूं शकते.

ठोकळा काढावयाचा म्हणजे त्याच्या चार खुंट्या बाणाच्या दिशेनें पाव फेरा वळवून वर ओढावयाच्या. तीन निघाल्या. चौथीनें आमचा अर्धा तास घेतला, आणि ती सुटली तेव्हां असा कडक आवाज झाला कीं कॅसेट, वडील, आई सगळें त्या एका क्षणीं आमच्या डोळ्यांपुढून गेलें. मोडलें कांहींच नव्हतें. ठोकळ्याच्या तळाशीं व प्रोसेसरच्या माथ्यावर जो करडा लेप असतो तो वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. दोन धातूंचे पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्यें सूक्ष्म फटी राहतात, फटींत हवा राहते, आणि हवेसारखा कंजूष दुसरा नाहीं. ती उष्णता पुढें जाऊंच देत नाहीं. म्हणून तेथें थर्मल पेस्ट लावावयाची. सीताबर्डीहून तिची एक लहान पिचकारी आणली. जुना लेप स्पिरिटच्या बोळ्यानें पुसला, मध्यभागीं वाटाण्याएवढा नवा थेंब ठेवला आणि ठोकळा दाबून बसविला. फांसावा लागत नाहीं, दाबानें आपोआप पसरतो. आम्हीं मात्र प्रथम लोण्यासारखा चांगला फांसला होता. तो पुसून पुन्हां लावला.

एवढ्यानें चमत्कार झाला. त्याच कामाला पूर्वीं पंखा पुरा किंचाळत असतांहि जो आंकडा नव्वदींत असे, तो आतां शहात्तरावर थांबला. पण पंख्याच्या फेऱ्यांचा प्रश्न उरलाच, आणि खरें सांगावयाचें तर या सर्व खटाटोपांत आम्हांला रस वाटला तो येथें.

या पंख्याला चार तारा असतात. दोन विजेच्या, बारा व्होल्टच्या. तिसरी पंख्याची बातमी वर पोंचविते, दर फेऱ्यास दोन ठोके. चौथीवरून हुकूम येतो: सेकंदास पंचवीस हजार वेळां चालू-बंद होणारा इशारा, त्यांत 'चालू'चा वांटा जितका मोठा तितका पंखा जलद. पंचवीस हजार हा आंकडा माणसाच्या कानाच्या पलीकडचा आहे, आईच्या श्रवणयंत्राच्याहि. आतां फेरे दुप्पट केले तर वारा दुप्पट मिळतो, पण मोटारीला शक्ति आठपट लागते आणि आवाज सुमारें पंधरा डेसिबलनें चढतो. उलट उष्णता कांहीं निम्मी होत नाहीं. पहिल्या हजार फेऱ्यांत जें पदरांत पडतें त्याच्या मानानें शेवटच्या हजारांत अगदीं थोडें मिळतें, आणि कानाला सर्वांत जास्त त्रास होतो तो त्याच शेवटच्या हजाराचा.

म्हणून शहाण्यानें पंख्याला एकच एक हुकूम न देतां चढण आंखून द्यावी. बायॉसच्या पानावर तसा आलेखच असतो. आडव्या रेषेवर अंश, उभ्या रेषेवर पंख्याचा वेग. वडील असते तर त्यांनीं हा आलेख कागदावर आंखून आम्हांला चढण काढावयास लाविली असती. आम्हीं पंचावन्न अंशांपर्यंत वेग पस्तीस टक्क्यांवर ठेवला, सत्तर अंशांस साठ टक्के, आणि ऐंशीला पुरे शंभर. पहिल्या दिवशीं गंमत अशी झाली कीं आंकडा पंचावन्नाच्या आसपास खेळे आणि त्याबरोबर पंखा क्षणांत हुं करी, क्षणांत गप्प होई, दम्याच्या रोग्याप्रमाणें. एकसारखा मोठा आवाज माणूस विसरूं शकतो, पण वरखालीं होणारा लहान आवाज त्याला वेड लावतो. त्याला उपाय म्हणून कांहीं सेकंद थांबून मगच वेग बदलावा अशी एक खूण होती, ती केली.

आणि हें सारें करून झाल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं हा प्रश्न मुळांतच आम्हीं चुकीचा मांडला होता. ऐकतांना यंत्राला काम असें कांहींच नसतें. तेव्हां तें तापत नाहीं आणि पंखा आपसूक हळू राहतो. गणिताचें काम आम्ही लावीत होतों रात्रीं, आणि रात्रीं आई श्रवणयंत्र काढून डबींत ठेवते. मग उशाशीं नगारा वाजला तरी तिला कळत नाहीं. ज्या वेळीं आम्हीं पंख्याचा गळा दाबून धरला होता, त्या वेळीं तो कोणालाच नडत नव्हता.

पांचव्या कीं सहाव्या रात्रीं पहिली बाजू पुरी झाली. सकाळीं चहानंतर आईला खुर्चीवर बसविलें, कूलर आणि छताचा पंखा बंद केला आणि छत्तिसाव्या मिनिटापासून लावलें. वडिलांचा आवाज कांहींसा पातळ झाला होता. गोंगाट काढतांना त्याबरोबर माणसाचाहि थोडा भाग जातोच. बुधवारच्या भाताची गोष्ट आली. मग ते थांबले. तोंड फिरवून म्हणाले, "अरे, तो पंखा जरा तिच्याकडे वळव. केव्हांची उकडते आहे ती, पण मी बोलतों आहे म्हणून उठत नाहीं." मामा हसले, आणखी कोणी हसलें. आणि लगेच, पुसटशी, ती घरघर सुरू झाली.

फीत खराब झालेली नव्हती. टेपरेकॉर्डर आईच्या पुढ्यांत होता. टेबलपंखा तिच्याकडे वळला तो त्याच्यावरहि वळला, आणि पुढचीं नऊ मिनिटें त्या पंख्याचा वारा त्याच्या कानांत भरला.

आईनें तेवढी जागा चार वेळां लावावयास सांगितली. मग म्हणाली, "अरे म्हणजे तुलाच म्हणाले. तूंच वळवला होतास पंखा."

आम्ही तेव्हां पंधरा वर्षांचे होतों. आम्हांला यांतलें कांहींहि आठवत नाहीं. आम्ही त्या खोलींत होतों, हेंसुद्धां आठवत नाहीं. आईला आतां पुष्कळ आठवूं लागलें होतें: पंखा हिरव्या रंगाचा होता, त्याची मान फिरतांना अडकत असे, आणि ती धरून ठेवावी लागे. थोड्या वेळानें तिनें विचारलें कीं मूळ आवाज, तो घरघरीचा, पुसून तर टाकला नाहीं ना? नाहीं म्हटलें. "मग तो लाव," ती म्हणाली. तो लावला. श्रवणयंत्रांतून तिला त्यांत कितपत कांहीं कळत असेल, देव जाणे. पण बाजू संपेपर्यंत ती खुर्चीवरून हालली नाहीं.

दुसरी बाजू अजून व्हावयाची होती. त्या रात्रीं आईनें श्रवणयंत्र डबींत ठेवल्यावर आम्हीं काम लावलें आणि दार ओढून घेतलें. यंत्राचा आंकडा चौऱ्याहत्तर होता. पंखा सतराशें फेऱ्यांवर एकसारखा चालला होता.